क्रीडा केंद्रातल्या तक्रारीची नोंद कोण ठेवणार?

कोल्हापुरातील एखाद्या क्रीडा केंद्रात प्रशिक्षकाच्या वागण्याविषयी तक्रार आली की तिचा प्रवास बहुतेक वेळा ठरलेला असतो. मुलगी आधी मैत्रिणीला सांगते, मग आईला. वडिलांच्या कानावर घालावे की नाही या विचारात आईचे काही दिवस जातात. वडील केंद्र चालवणाऱ्यांपैकी ओळखीच्या माणसाला गाठतात. तो प्रशिक्षकाला बाजूला घेऊन बोलतो आणि पालकांना निरोप येतो की ‘सरांना समज दिली आहे, आता तसे होणार नाही’. मुलीची सकाळची बॅच बदलून संध्याकाळची केली जाते. काही दिवसांनी ती यायची बंद होते आणि हजेरीपटावरून तिचे नाव कमी होते. या सगळ्यात कोठेही एक ओळ लिहिली गेलेली नसते. तक्रार काय होती, ती कोणी ऐकली, कोणाला नेमके काय सांगितले गेले, यांपैकी कशाचाही कागद नसतो, आणि म्हणून पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीने तेच सांगितले तरी केंद्राच्या दृष्टीने ती पहिलीच तक्रार ठरते.

गैरवर्तनाची चर्चा सुरू झाली की ती लगेच शिक्षेकडे वळते. प्रशिक्षकाला काढा, धिंड काढा, केंद्राला टाळे ठोका, अशा मागण्या होतात आणि दुसऱ्या बाजूने खोट्या तक्रारींची भीती दाखवली जाते. मला त्याआधीचा टप्पा अधिक महत्त्वाचा वाटतो. जे केंद्र तक्रार लिहून घेत नाही ते कोणालाच संरक्षण देऊ शकत नाही; त्या मुलीला नाही, निरपराध प्रशिक्षकाला नाही आणि स्वतःलाही नाही. शिक्षेचा प्रश्न पुढे पोलीस, न्यायालय किंवा समिती सोडवील. पण ज्याची नोंदच नाही ते त्यांच्यापर्यंत पोहोचणार कसे?

हा प्रश्न कोल्हापुरात वेगळ्या तीव्रतेने मांडावा लागतो, कारण येथे खेळ हा फावल्या वेळचा छंद नाही. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागचे मैदान उभे केले तेव्हापासून या गावाने मल्लांना जो मान दिला तो फार थोड्या शहरांनी दिला असेल. 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव येथेच शिकले आणि येथेच घडले. पुढे कुस्ती आणि फुटबॉलच्या या गावाने नेमबाजी आणि जलतरणही आपलेसे केले. वीरधवल खाडे येथून आशियाई पदकापर्यंत पोहोचला, तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरली, राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसहून कांस्यपदक आणले. या यशाने पालकांची भीड चेपली. करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतून पहाटेच्या एसटीने किंवा वडिलांच्या दुचाकीवर बसून मुली सरावाला येतात आणि अंधार पडल्यावर घरी जातात. घरच्यांनी हे मान्य केले ते प्रशिक्षकावरच्या विश्वासाने. तो विश्वास बहुतेक ठिकाणी योग्यच आहे. पण आपल्याकडे विश्वास हीच एकमेव व्यवस्था आहे, आणि तो जेथे मोडतो तेथे दुसरे काहीच शिल्लक राहत नाही.

शिवाय प्रशिक्षकाच्या हातात नेमके काय काय असते ते खेळाशी संबंध नसलेल्यांच्या लक्षात येत नाही. जिल्हा संघाच्या निवड चाचणीला कोणाला पाठवायचे, शिबिराला कोणाची शिफारस करायची, स्पर्धेत कोणत्या वजनगटात किंवा कोणत्या प्रकारात उतरवायचे, याची सुरुवात त्याच्यापासून होते. त्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण अवलंबून असतात आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाचा दावाही. म्हणजे तक्रार करणारी मुलगी केवळ एका पदकावर पाणी सोडण्याची तयारी करत नाही. शेतकरी किंवा गिरणी कामगार बापाने तिच्या खेळावर ज्या आशेने पैसे घातले ती आशाच ती पणाला लावत असते. एवढी किंमत असताना ती एकदा तरी बोलली, तर ऐकणाऱ्याने किमान वही उघडावी ही अपेक्षा फार मोठी नाही.

आता अडचण अशी की ही वही कोणाची, हेच अनेक ठिकाणी स्पष्ट नसते. मैदान किंवा तलाव महापालिकेचा असतो, तो चालवण्याचे काम ठेक्याने दिलेले असते, ठेकेदार सकाळ-संध्याकाळच्या वेळा खासगी अकादमीला देतो आणि अकादमीचा प्रशिक्षक महिन्याच्या मानधनावर किंवा फीमधल्या वाट्यावर काम करतो. तक्रार आली की महापालिकेचा कर्मचारी ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार अकादमीकडे, आणि अकादमीवाले म्हणतात, ‘ते आमचे नोकर नाहीत, फक्त शिकवायला येतात.’ तालीम मंडळ किंवा क्रीडा मंडळ असेल तर विश्वस्त असतात, पण तेथे प्रशिक्षक हाच बहुधा मंडळाचा जुना खेळाडू आणि विश्वस्तांचा मित्र असतो.

कायद्याने मात्र ही पळवाट बऱ्याच आधी बंद केली आहे. राजस्थानातील विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि त्यांच्या आधारे 2013 मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. या कायद्याचे नाव ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर कार्यालय किंवा कारखाना येतो. पण कामाच्या ठिकाणाची जी व्याख्या त्यात आहे तिच्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेथे निवासाची सोय असो वा नसो. कर्मचारी या व्याख्येत कायम नोकराबरोबरच हंगामी, रोजंदारीवरचा, ठेकेदारामार्फत आलेला, एवढेच काय पण मोबदला न घेता स्वेच्छेने काम करणाराही येतो. आणि पीडित महिला म्हणजे तेथे नोकरी करणारीच असली पाहिजे असे नाही. कोणत्याही वयाची, नोकरीत असलेली किंवा नसलेली महिला तक्रार करू शकते. त्यामुळे ‘ते आमचे नोकर नाहीत’ आणि ‘ती आमच्याकडे कामाला नाही, फक्त पोहायला येते’ ही दोन्ही उत्तरे कायद्यापुढे टिकत नाहीत. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर केंद्राने स्वतःची अंतर्गत समिती नेमायची, तिची अध्यक्ष महिला असली पाहिजे, निम्म्याहून कमी महिला चालणार नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा हवा. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. समिती नेमली नाही तर 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

कोल्हापुरातल्या छोट्या केंद्रांना यांपैकी दुसरा मार्ग लागू पडतो, आणि नेमका तोच कोणाला माहीत नसतो. एका प्रशिक्षकाची, दोन मदतनीसांची आणि साठ-सत्तर मुलांची अकादमी स्वतःची समिती नेमू शकत नाही. तिच्या भिंतीवर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता लावणे हाच तिच्यापुरता उपाय असतो. स्पर्धांचे फलक, देणगीदारांची नावे आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा यांना ज्या भिंतीवर जागा मिळते त्या भिंतीवर हा एक कागद मावत नाही, असे कोणी म्हणणार नाही.

समितीतील बाहेरच्या सदस्याविषयी एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. कायद्यात ही तरतूद तटस्थतेसाठी आहे, पण कोल्हापुरात बाहेरचा म्हणून जो आणला जातो तो बहुधा त्याच पेठेतला, त्याच मंडळाच्या अहवालात नाव असलेला किंवा सोयरिकीतला निघतो. गाव मोठे झाले तरी ओळखी लहान गावाच्याच आहेत. गडहिंग्लज, इचलकरंजी किंवा सांगलीहून कोणी वकील किंवा सामाजिक कार्यकर्ती प्रवासखर्च देऊन बोलावली, तर त्या खर्चाचे मोल केंद्राला पहिल्याच प्रकरणात कळेल.

परंतु समित्या आणि दंड यांच्या पुढचा प्रश्न मला अधिक छळतो. आपल्याकडे ज्या तक्रारी येतात त्यांतील बऱ्याचशा पहिल्या ऐकण्यात किरकोळ वाटतात. पोहायला शिकवताना हात गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला. रात्री उशिरा ‘झोपलीस का’ असा संदेश आला. वजनावरून सगळ्यांसमोर टोमणा मारला. दुखापत पाहायची म्हणून दार लोटून घेतले. स्पर्धेहून परतताना एकटीलाच पुढच्या सीटवर बसवले. यांपैकी एकेक गोष्ट घेतली तर तिचा खुलासा असतो, आणि अनेकदा तो खराही असतो. कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, जलतरण यांत शरीराला हात लावल्याशिवाय शिकवताच येत नाही. डाव दाखवायचा तर पकड घ्यावीच लागते. म्हणून एका तक्रारीवरून माणसाला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. पण तीच गोष्ट चार मुलींनी चार वेगवेगळ्या वर्षी, एकमेकींना न ओळखता सांगितली असेल तर तिचा अर्थ पूर्ण बदलतो. तो अर्थ दिसण्यासाठी चार नोंदी एकाच वहीत असाव्या लागतात.

फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या गावाला हे समजावून सांगायला नको. पंच पिवळे कार्ड दाखवतो तेव्हा खेळाडू मैदानाबाहेर जात नाही, खेळ चालू राहतो. पण पंचाच्या वहीत त्याचा क्रमांक आणि मिनिट लिहिले जाते, आणि त्याच सामन्यात दुसरे पिवळे कार्ड मिळाले की ते लाल होते. वही नसलेल्या पंचाने नुसतेच ताकीद देत फिरावे आणि मागची ताकीद विसरून जावे, असे शाहू स्टेडियमवर एका सामन्यातही कोणी चालू देणार नाही. प्रशिक्षकाच्या वर्तनाबाबत मात्र ‘समज दिली’ हा शब्द आपण वर्षानुवर्षे ऐकून घेतो आणि ती कितव्यांदा दिली हे विचारत नाही.

नोंद नसल्याने काय घडते याचे सर्वांत भयंकर उदाहरण अमेरिकेतील जिम्नॅस्टिक्सचे आहे. लॅरी नासर हा तेथील राष्ट्रीय संघाचा आणि मिशिगन स्टेट विद्यापीठाचा डॉक्टर होता. त्याच्याविषयी पहिला आवाज 1997 मध्येच एका प्रशिक्षिकेपर्यंत पोहोचला होता. तिने मुलींना गप्प केले. पुढे 2014 मध्ये विद्यापीठाने एका तक्रारीची चौकशी केली, तिच्यात त्याचे वागणे वैद्यकीय उपचाराचा भाग ठरवले गेले आणि तो पुन्हा कामावर रुजू झाला. त्याने कशी तपासणी करावी याच्या काही अटी घातल्या गेल्या होत्या, पण त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणी पार पाडली नाही. शेवटी 2016 मध्ये एका वृत्तपत्राने हे प्रकरण बाहेर काढले आणि 2018 च्या जानेवारीत दीडशेहून अधिक मुली व महिलांनी न्यायालयात उभे राहून आपले म्हणणे सांगितले. तेथे कायदे नव्हते, पैसा नव्हता किंवा शिकलेली माणसे नव्हती असे नाही. तक्रार ज्या कानावर पडली तो कान प्रत्येक वेळी त्या माणसाच्या जवळचा होता, आणि एका जागेची माहिती दुसऱ्या जागेला नव्हती. अटी घालून त्या पाळल्या जातात का हे न पाहणे म्हणजे आपल्याकडची ‘समज’च, फक्त इंग्रजीतून टंकलिखित केलेली.

आपल्या देशातही जानेवारी 2023 मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया हे मल्ल कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत दिल्लीत जंतरमंतरवर बसले तेव्हा कुस्तीच्या या पंढरीत तो विषय तालमी-तालमींत बोलला गेला असणारच. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयाचा आहे, त्याविषयी येथे काही म्हणायचे नाही. पण एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यानंतरच गुन्हा नोंदला गेला, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी 12 मे रोजी एका वेगळ्या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशातील 30 राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी 16 महासंघांनी अंतर्गत समितीच नेमलेली नसल्याच्या बातमीची दखल घेऊन नाराजी व्यक्त केली. दिल्लीत ही स्थिती असेल, तर जिल्ह्याच्या गावातील ठेक्यावरच्या तलावाकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, असे कोणी म्हणेल. मला ते उलटे वाटते. महासंघाला समिती नेमायला राजकारण आडवे येते. साठ मुलांच्या केंद्राला वही ठेवायला काहीच आडवे येत नाही.

त्या निकालाचा मुख्य विषय मात्र वेगळा होता आणि तो लगेच शिक्षेची मागणी करणाऱ्यांनी जरूर समजून घ्यावा. गोव्यातील एका विद्यापीठाच्या प्राध्यापकाविरुद्ध अनेक तक्रारी होत्या, चौकशी झाली, त्यांना बडतर्फ केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण चौकशीच्या शेवटच्या टप्प्यात समितीने अवाजवी घाई केली आणि त्यांना आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही. प्रकरण पुन्हा समितीकडे गेले. म्हणजे घाईघाईने केलेली चौकशी तक्रारदार महिलांच्याही उपयोगी पडली नाही. एखादी तक्रार आली की संतापाच्या भरात प्रशिक्षकाला मैदानावरच मारहाण करणे, त्याची छायाचित्रे मोबाइलवर फिरवणे किंवा दुसऱ्याच दिवशी ‘काढून टाकले’ असे जाहीर करून मोकळे होणे, यात न्याय झाल्याचे समाधान मिळते, पण त्यातून एक तर निरपराध माणूस उद्ध्वस्त होतो किंवा दोषी माणूस पुढच्या तालुक्यात नवी अकादमी उघडतो. काढून टाकण्याचे कारण कोठेच लिहिलेले नसल्यामुळे नवे केंद्र त्याला आनंदाने घेते आणि वर ‘कोल्हापूरचा अनुभवी प्रशिक्षक’ असा फलकही लावते.

खोट्या तक्रारींचा मुद्दा मी टाळू इच्छित नाही. खेळाच्या जगात हेवेदावे आहेत, निवडीवरून पालकांची भांडणे होतात, एका अकादमीची मुले दुसरीकडे वळवण्यासाठी कुजबुज केली जाते. 2013 च्या कायद्यात द्वेषबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे, आणि त्याच कलमात हेही लिहिले आहे की केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. या दोन वाक्यांमधला फरक लेखी नोंदीशिवाय करताच येत नाही. जी तक्रार तारखेसह, त्या मुलीच्या शब्दांत, प्रशिक्षकाच्या उत्तरासह आणि त्या वेळी तेथे असलेल्यांच्या म्हणण्यासह लिहिली गेली आहे, तिच्यातील कच्चे दुवे उघडे पडतात. अफवेला मात्र उत्तर देता येत नाही. तिच्यावर सहीही नसते आणि तारीखही नसते. म्हणून नोंदवहीची सर्वाधिक गरज खरे तर प्रामाणिक प्रशिक्षकाला आहे. चौकशीअंती आरोप सिद्ध झाला नाही, तर तेही त्याच वहीत, त्याच शाईने लिहिले गेले पाहिजे आणि त्याची प्रत त्याला मिळाली पाहिजे.

मुलगी किंवा मुलगा 18 वर्षांखालील असेल तर चित्र एकदम बदलते, आणि क्रीडा केंद्रांत बहुसंख्य मुले याच वयाची असतात. 2012 च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार, म्हणजे पोक्सोनुसार, अशा गुन्ह्याची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. येथे केंद्राला चौकशी करून मग ठरवण्याचा अधिकार नाही. ‘आधी आम्ही खात्री करून घेतो’ असे म्हणून विश्वस्त मुलीला खोलीत बोलावतात, चार पुरुष तिला तेच तेच प्रश्न विचारतात, कधी प्रशिक्षकालाही समोर आणून उभे करतात. यात त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी ते पुराव्याची आणि त्या मुलीची दोघांचीही हानी करतात. ऐकून घ्यावे, तिचे शब्द तिच्याच भाषेत उतरवावेत, दिवस आणि वेळ घालावी, पोलिसांना कळवावे आणि त्या प्रशिक्षकाला मुलांपासून दूर ठेवावे, एवढेच केंद्राचे काम.

पालक यावर म्हणतात, पोलिसांत गेलो तर मुलीचे नाव होईल. या भीतीची मी टिंगल करणार नाही; ज्या समाजात आपण राहतो त्यात ती खरी आहे. कळवण्याच्या सक्तीमुळे काही मुली बोलणेच टाळत असतील हेही शक्य आहे. पण त्या भीतीचा एक भाग माहितीच्या अभावातून येतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, शक्य तो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अधिकारी गणवेशात नसावा, रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवू नये आणि त्याची ओळख प्रसिद्ध होऊ नये, हे सगळे त्याच कायद्यात आहे. केंद्राची एखादी जबाबदार महिला पहिल्या दिवसापासून त्या कुटुंबासोबत राहिली आणि या गोष्टी मागून घेऊ लागली, तर पालकांचे पाऊल सोपे होते. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक मुलांना स्वतःलाही फिरवता येतो. तो पोहण्याच्या तलावावरच्या नियमांच्या पाटीवर ‘तेल लावून पाण्यात उतरू नये’ याच्या खाली लिहिता येईल.

मुलग्यांविषयी आपण जवळजवळ बोलतच नाही. 2013 चा कायदा केवळ महिलांना संरक्षण देतो; पोक्सोत मुलगा आणि मुलगी असा भेद नाही, पण 18 वर्षे पूर्ण झालेल्या तरुण मल्लाला यांपैकी कोणताच मार्ग नाही. कोल्हापूरच्या तालमींत महाराष्ट्रभरातून आणि बाहेरूनही मुले येऊन राहतात, काही तर दहा-बारा वर्षांची असतात. घर शेकडो मैलांवर, जेवण-झोपणे तालमीतच आणि वस्तादांचा शब्द शेवटचा. बहुसंख्य वस्तादांनी या मुलांना स्वतःच्या लेकरांसारखे सांभाळले आहे, त्याशिवाय ही परंपरा शंभर वर्षे टिकलीच नसती. तरीही मारहाण, उपासमार, पैशांची मागणी किंवा त्याहून वाईट काही घडले तर त्या मुलाने कोणाला सांगायचे? पठ्ठ्याने वस्तादाविरुद्ध तोंड उघडायचे नाही, हा संस्कार त्याला डावांच्याही आधी शिकवलेला असतो. कायद्यात जेथे पोकळी आहे तेथे केंद्राच्या स्वतःच्या नियमाने ती भरावी लागेल, आणि तो नियम मुलगे, मुली, मदतनीस आणि खुद्द प्रशिक्षक या सगळ्यांच्या तक्रारींसाठी एकच असावा.

‘तालीम म्हणजे एक कुटुंब आहे, घरातली गोष्ट घरात मिटवू’ हा यावरचा जुना युक्तिवाद आहे. कोल्हापुराने तरी तो करू नये. स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा शाहू महाराजांनी या संस्थानात 1919 मध्ये केला. नवऱ्याने आणि सासरच्यांनी घराच्या चार भिंतींआड केलेला छळ हा राज्याने दखल घेण्याचा विषय आहे, हे या गावात शंभर वर्षांपूर्वी कायद्याने मान्य झाले होते. खासबाग बांधणारा आणि हा कायदा करणारा राजा एकच. त्याच्या नावाने मैदाने आणि तलाव चालवणाऱ्यांनी खासबाग तेवढे आठवावे आणि 1919 विसरावे, हे बरे दिसत नाही.

तक्रारीनंतर सर्वांत जास्त अन्याय होतो तो बॅच बदलण्यात. वर सांगितल्याप्रमाणे बदल नेहमी मुलीच्या वेळेत होतो, कारण ते सोयीचे असते. चौकशी चालू असताना प्रशिक्षकाने दुसऱ्या वेळी शिकवावे किंवा काही दिवस घरी बसावे, त्याचे मानधन चालू ठेवावे, आणि मुलीचा सराव, तिची जागा व तिची निवड चाचणी आहे तशीच राहावी. निवड चाचणीला त्या काळात दुसरा निरीक्षक असावा. मानधन चालू ठेवण्यावर काही जण भुवया उंचावतील, पण आरोप सिद्ध होण्याआधी माणसाचे उत्पन्न बंद केले तर केंद्रातील सगळे प्रशिक्षक पुढच्या तक्रारीच्या विरोधात एकवटतात, आणि त्याचा भार पुन्हा तक्रार करणारीवरच येतो.

अशा घटनेनंतर कॅमेरे बसवण्याची मागणी हमखास होते. मैदानावर आणि तलावाकाठी ते असावेत. पण कपडे बदलण्याच्या खोलीत ते लावता येत नाहीत आणि रात्री साडेदहाला आलेला संदेश त्यांना दिसत नाही. प्रशिक्षकाने खेळाडूशी एकट्याने न बोलता पालकही असलेल्या गटावरच संदेश पाठवावा, हात लावून शिकवायचे असेल तर काय करणार ते आधी सांगावे, मालिश आणि दुखापतीची तपासणी दार उघडे ठेवून दुसऱ्या मोठ्या माणसासमोर करावी, बाहेरगावच्या स्पर्धेला मुली असतील तर सोबत महिला असावी, हे साधे नियम कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आहेत. शेवटचा नियम तर भारतीय क्रीडा प्राधिकरणाला 2022 मध्ये, परदेशी शिबिरातील एका महिला सायकलपटूची तक्रार आल्यानंतर, देशभर लागू करावा लागला. हे नियम प्रवेशाच्या वेळी पालकांच्या हातात छापील स्वरूपात दिले, तर मुलीला ‘हे बरोबर आहे का’ असा संभ्रम पडत नाही; नियम मोडला की नाही एवढेच तिला सांगायचे असते.

आणि वहीविषयी थोडे व्यवहाराचे. ती पानांवर क्रमांक छापलेली असावी, म्हणजे पान फाडता येणार नाही. ती दोन नेमलेल्या माणसांच्या ताब्यात असावी, त्यांतील एक महिला असावी आणि दोघांपैकी कोणाचेही उत्पन्न प्रशिक्षकाच्या फीवर अवलंबून नसावे. गोपनीयता कायद्यानेच बंधनकारक केलेली असल्याने ती कार्यालयाच्या टेबलावर पडून राहता कामा नये. लिहिता येत नसलेल्या किंवा घाबरलेल्या मुलीचे म्हणणे लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचे काम आहे, असे कायदाच सांगतो. तक्रारदाराला तारखेसह पोच द्यावी. तहसीलदार कार्यालयात साध्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय आपण पायरी उतरत नाही. मुलीच्या तक्रारीची पोच मागायला मात्र आपल्याला संकोच वाटतो. सज्ञान महिलेने ‘मला कारवाई नको, फक्त लिहून ठेवा’ असे म्हटले तर तेही लिहावे, कारण पुढच्या नोंदीला त्याचा आधार मिळतो. 2013 च्या कायद्यात तक्रारीसाठी तीन महिन्यांची मुदत आहे, ती समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. आज कारवाई नको म्हणणारीला दीड महिन्याने धीर आला तर मुदत आणि मजकूर दोन्ही तिच्या हाती असतील. आणखी एक रकाना मी त्यात घालीन: हंगामाच्या मध्येच सराव सोडणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या घरी केंद्रातील महिलेने फोन करून कारण विचारावे आणि ते लिहावे. परीक्षा, लग्न, पैसे, दुखापत अशी कारणे येतील. एकाच बॅचमधून मुली सतत गळत असतील तर तेही दिसेल.

हे सगळे केंद्रांच्या सदिच्छेवर सोडले तर होणार नाही. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आली आहे, परंतु ते धोरण महासंघांकडून राज्य संघटना आणि तेथून जिल्ह्यापर्यंत उतरायला किती काळ लागेल याचा अंदाज आपल्याला अनुभवाने करता येतो. त्याची वाट न पाहता महापालिका आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांच्या हातात आजच एक साधन आहे, ते म्हणजे करारनामा. तलाव, मैदान किंवा सभागृह ज्या कराराने भाड्याने किंवा ठेक्याने दिले जाते त्यात वीजबिल, पाण्याची शुद्धता, जीवरक्षकांची संख्या आणि अनामत रक्कम यांची कलमे असतातच. त्यात चार कलमे वाढवावीत: तक्रार घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावे दर्शनी भागात लावणे, स्थानिक समितीचा पत्ता व 1098 हा क्रमांक लिहिणे, प्रत्येक प्रशिक्षकाची पोलीस पडताळणी आणि आधीच्या केंद्राचे लेखी पत्र घेणे, आणि किती तक्रारी आल्या व त्यांचे काय झाले याचा नावांविना वार्षिक तक्ता देणे. तक्ता आला नाही तर कराराचे नूतनीकरण होणार नाही. ज्या केंद्राचा तक्ता वर्षानुवर्षे कोरा येईल त्याला शाबासकी देण्याऐवजी अधिकाऱ्याने तेथे जाऊन ती वही कोणाकडे असते, हे तिथल्या मुलींना विचारावे.